पेटीचं रंगीत चित्र छापता, तर सोर्सची यादीही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत आंब्याच्या विकिरणावर, म्हणजे कीड मारायला त्याच्यावर कोबाल्टच्या गॅमा किरणांचा मारा करतात त्यावर, पानभर लेख आला होता तो वाचला, आवडला, वर्गात मुलांनाही दाखवला. लासलगावचं नाव कांद्याच्या भावाशिवाय दुसऱ्या कशासाठी तरी पेपरात आलं याचंच आधी बरं वाटलं. पण त्यात एका संशोधन गटाचं जे मोठं रंगीत चित्र होतं ना, पेटीचा उभा छेद, कडेला लाल, आत पिवळा, मधोमध हिरवट, आणि त्याखाली ओळ होती की पेटीतल्या प्रत्येक फळाला योग्य डोस मिळतो हे कॉम्प्युटरने सिद्ध केलंय, त्या ओळीपाशी गाडी अडली. चित्र चूक आहे असं माझं म्हणणं नाही, ते बरोबरही असेल. पण किती सोर्स (किरण सोडणारे उगम) धरले, कुठे ठेवले, प्रत्येकाची ताकद किती धरली आणि ती कुठल्या तारखेची, यातलं एक अक्षर सगळ्या पानात नाही. आणि ते नसेल तर बरोबर आहे की चूक हे मी काय, कोणीच सांगू शकत नाही.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, एमएस्सीची मुलं दरवर्षी असेच सिम्युलेशनचे, म्हणजे कॉम्प्युटरवर नक्कल करण्याचे, प्रोजेक्ट करतात, त्यामुळे हे पत्र थोडं लांबेल, कापायचं तिथे कापा, पण सोर्सचा भाग ठेवा.

आधी जागेबद्दल. लासलगावचं ‘कृषक’ हे केंद्र भाभा अणु संशोधन केंद्राने उभारलं, २००२ मध्ये सुरू झालं, मूळ उद्देश कांद्याला कोंब येऊ नयेत हा. मग २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंबा घ्यायला परवानगी दिली, अट अशी की फळाला कमीत कमी ४०० ग्रे (फळाने किरणांतली किती ऊर्जा शोषली त्याचं माप) डोस मिळाला पाहिजे, म्हणजे कोयीतल्या किडीचा आणि फळमाशीचा प्रश्न मिटतो. वरची मर्यादाही आहे, आंब्यासारख्या ताज्या फळांना अमेरिकेत १००० ग्रेच्या वर चालत नाही. म्हणजे बघा, पेटीतल्या सगळ्यात कमी डोसवाल्या फळाला ४०० आणि सगळ्यात जास्तवाल्याला १०००, या दोघांमध्ये अडीच पटीची जागा, त्यात सगळी पेटी बसवायची. (जाता जाता, विकिरण केलेला आंबा ‘रेडिओॲक्टिव्ह’ होतो असं दर सीझनला व्हॉट्सॲपवर फिरतं ते साफ खोटं आहे, कोबाल्टच्या गॅमा किरणांत तेवढी ऊर्जाच नसते.)

आता अडीच पट ऐकायला भरपूर वाटतं. पण कोबाल्ट-६० चा गॅमा पाण्यातून साधारण ११ सेंटिमीटर गेला की निम्मा उरतो, विखुरलेले किरण सोडून बोलतोय, आणि आंबा म्हणजे बहुतेक पाणीच. पेटीत मध्ये हवा असते म्हणून जरा निभावतं. तरी एकाच बाजूने मारा केला तर समोरचं फळ जास्त घेणार आणि मागचं उपाशी, म्हणून पेट्या दोन्ही बाजूंनी फिरवतात. आणि सोर्स एक नसतोच. रॅक असते, तिच्यात कोबाल्टच्या बऱ्याच पेन्सिली उभ्या लावलेल्या, पेन्सिल म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर लांब आणि सेंटिमीटरभर जाड अशी बंद स्टीलची नळी, आत कोबाल्ट. काम नसेल तेव्हा ती अख्खी रॅक खाली पाण्याच्या खोल टाकीत जाते.

या पेन्सिली एका वयाच्या नसतात, आणि माझ्या मते इथेच खरी गोम आहे. कोबाल्टचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे दरवर्षी साधारण १२ टक्के ताकद कमी होते. म्हणून दर काही वर्षांनी रॅकमध्ये नव्या पेन्सिली घालतात, जुन्या तिथेच राहतात किंवा जागा बदलतात. समजा तीन पेन्सिली आहेत, तिन्ही आल्या तेव्हा १० हजार क्युरीच्या (क्युरी हे सोर्सच्या ताकदीचं माप) होत्या, पण एक आजची, एक सव्वापाच वर्षांपूर्वीची आणि एक साडेदहा वर्षांपूर्वीची. तर आज त्या १० हजार, ५ हजार आणि अडीच हजार क्युरी आहेत, चारास दोनास एक. एकूण मारा मोजला तर नवी ५७ टक्के देते आणि म्हातारी १४ टक्के. कोणी सिम्युलेशनमध्ये तिघींना सारखं धरलं तर प्रत्येकीला ३३ टक्के येणार, चित्र मस्त गुळगुळीत येणार, आणि ते तुमच्या रॅकचं चित्र नसणार. डावी-उजवी बाजू पेटी फिरवल्यामुळे बरीचशी सांभाळली जाते, पण नव्या पेन्सिली वरच्या भागात आणि जुन्या खाली असतील तर नुसतं फिरवून काही होत नाही, त्यासाठी पेटी वर-खाली दोन्ही पातळ्यांवरून न्यावी लागते. हे सगळं त्या रंगीत चित्रात शिरतं ते सोर्सच्या फाईलमधून. पेटीच्या फाईलमधून नाही.

हे जिथे करतात ते सॉफ्टवेअर बहुतेकदा जिआंट-४ असतं. एमसीएनपी, फ्लुका हेही आहेत, पण आमच्याकडची मुलं जिआंट वापरतात कारण फुकट आहे आणि आतला कोड उघडून वाचता येतो. युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेत १९९४ ला त्याचं काम सुरू झालं, १९९८ च्या डिसेंबरमध्ये पहिली आवृत्ती आली. त्यात ‘जनरल पार्टिकल सोर्स’ नावाचा भाग आहे, सगळे जीपीएस म्हणतात (गाडीतलं नव्हे). त्याची सोय अशी की सी प्लस प्लसचा कोड न बदलता साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ओळी लिहून सोर्स बसवता येतात, कुठला कण, किती ऊर्जा, कुठून निघणार, कुठल्या दिशेला, आणि एक झाला की ‘सोर्स ॲड’ म्हणून दुसरा, तिसरा, हवे तेवढे. सोपं आहे म्हणूनच मुलं त्यात फसतात, कारण चुकलं तरी प्रोग्राम थांबत नाही, मुकाट्याने पुढे जातो आणि शेवटी चित्र देतोच.

उदाहरण देतो. जीपीएस चालू झालं की पहिला सोर्स तिथे आधीपासूनच असतो, न मागता. हे माहीत नसलेला मुलगा तीन पेन्सिलींसाठी तीनदा ‘ॲड’ करतो, आणि झाले चार. तो आपोआप आलेला चौथा काय सोडतो तर ‘जिआंटिनो’, म्हणजे कशाशीच टक्कर न घेणारा काल्पनिक कण, भूमिती तपासायला बनवलेला. तो पेटीतून आरपार जातो, डोस शून्य. चारही सोर्सना ताकद १ दिलेली असेल तर एक चतुर्थांश इव्हेंट (प्रोग्रामने एकदा कण सोडणं म्हणजे एक इव्हेंट) फुकट गेले, सगळीकडचा डोस पाऊण पटीवर आला, आणि चित्राचा आकार मात्र जसाच्या तसा, कारण चौथा कुठेच दिसत नाही! उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे, आधी ‘क्लिअर’ करून यादी रिकामी करायची, मग ॲड करायचे, मग ‘लिस्ट’ मागून मोजायचे. तेवढं कोणी करत नाही.

दुसरं असं की प्रत्येक सोर्सच्या सेटिंग स्वतंत्र. पहिल्या पेन्सिलीला सांगितलं की सगळ्या दिशांना सोड, म्हणजे आयसोट्रॉपिक, तर ते दुसरीला लागू होत नाही, तिला परत सांगावं लागतं, नाहीतर ती बिचारी एकाच दिशेला सरळ रेषेत कण मारत बसते. हे निदान चित्रात सुईसारखी रेघ येते म्हणून कळतं. मधल्या सोर्सची काही गोष्ट बदलायची असेल तर त्याचा नंबर देऊन आधी त्याच्यावर जावं लागतं, आणि नंबर शून्यापासून सुरू होतात, म्हणजे दुसऱ्या पेन्सिलीचा नंबर १. इथे किती जण घसरतात ते विचारू नका.

आणखी एक वाईट आहे ते ‘कन्फाईन’. पेन्सिलीच्या आतल्या कोबाल्टमधूनच कण निघावेत म्हणून त्या भागाचं नाव द्यायचं असतं, मग जीपीएस मोठ्या डब्यात कुठेही बिंदू टाकतं आणि त्या भागात पडले तेवढेच ठेवतं. नावात एक अक्षर चुकलं तर? स्क्रीनवर एक ओळ येते की असा भाग नाही, अट सोडून देतोय, आणि रन पुढे चालू. ती ओळ हजार ओळींच्या वर सरकून जाते. मग कण नळीच्या बाहेर हवेतूनही निघतात, स्टील आणि कोबाल्टने स्वतःच जे अडवायला हवं होतं ते अडवलं जात नाही, आणि डोस वाढलेला दिसतो. आंब्याच्या बाबतीत वाढलेला दिसणं जास्त धोक्याचं, कारण कागदावर ४२० आलेलं फळ खरं ३८० वर असू शकतं.

आता ताकदीचा आकडा. ‘इंटेन्सिटी’ म्हणून जे लिहायचं असतं ते क्युरी नाही, बेकरेल नाही, ते फक्त प्रमाण आहे. ४, २, १ लिहा नाहीतर १० हजार, ५ हजार, अडीच हजार लिहा, प्रोग्राम बेरीज करून भागतो, उत्तर तेच. मुलांना वाटतं आपण क्युरीत आकडे दिले म्हणजे आता डोस आपोआप ग्रे पर तासात येणार. नाही येत. जिआंटला तास माहीतच नाही, त्याला इव्हेंट माहीत आहे. तुम्ही एक कोटी इव्हेंट मागितले तर तो एक कोटीचा डोस देतो, त्याला एक कोटीने भागायचं आणि खऱ्या रॅकमध्ये सेकंदाला जेवढे क्षय होतात, म्हणजे कोबाल्टचे जेवढे अणू मोडतात, त्याने गुणायचं, हे आपलं काम. थेट खराखुरा एक सेकंद चालवू म्हणाल तर एक लाख क्युरीची रॅक म्हणजे सेकंदाला ३.७ गुणिले दहाचा पंधरावा घात इतके क्षय, आणि कॉम्प्युटर सेकंदाला १० हजार इव्हेंट करतो असं धरलं तरी ११ हजार वर्षांच्या वर लागतील. गंमत म्हणजे त्याच रॅकमधून गॅमाच्या रूपाने बाहेर पडणारी एकूण पॉवर दीड किलोवॅटच्या आसपास, घरच्या गीझरपेक्षा कमी.

गुणाकारात अजून एक दोनाचा घोळ असतो. कोबाल्टच्या एका क्षयात दोन गॅमा निघतात, १.१७ आणि १.३३ एमईव्ही (हे किरणाच्या ऊर्जेचं माप). फाईलमध्ये गॅमा सोडले असतील तर एक इव्हेंट म्हणजे एक गॅमा, म्हणजे अर्धा क्षय, आणि गुणताना क्षयांचा आकडा तसाच वापरला की डोस बरोबर निम्मा. डोस बरोबर निम्मा किंवा दुप्पट आला की मी मुलांना आधी हेच विचारतो. दोन्ही गॅमांऐवजी सरासरी १.२५ चा एकच धरतात तेही पेटीच्या डोससाठी चालतं, त्यात मला काही गैर वाटत नाही.

पण तेच जर डिटेक्टरचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती किरण पकडले त्याचा आलेख, काढायचा असेल तर अजिबात चालत नाही, आणि अनेक सोर्सच्या बाबतीत ही सगळ्यात मजेशीर जागा आहे. खऱ्या कोबाल्टमध्ये दोन्ही गॅमा जवळजवळ एकाच क्षणी निघतात, त्यामुळे डिटेक्टर जवळ असेल तर कधीकधी दोन्ही एकदम पकडले जातात आणि २.५ एमईव्हीला आलेखात एक जास्तीचा पीक, म्हणजे उंचवटा, दिसतो. आता कोणी १.१७ चा एक सोर्स आणि १.३३ चा दुसरा सोर्स असे दोन केले, तर नेहमीच्या पद्धतीत एका इव्हेंटला एकच सोर्स चिठ्ठी टाकल्यासारखा निवडला जातो, दोन गॅमा एका इव्हेंटमध्ये कधी येतच नाहीत, तो पीक गायब. त्यासाठी ‘मल्टिपल व्हर्टेक्स’ चालू करायचं असतं, मग प्रत्येक इव्हेंटमध्ये सगळे सोर्स एकेकदा सुटतात. किंवा सरळ कोबाल्टचा अणूच ठेवायचा, अणुक्रमांक २७ आणि वस्तुमानांक ६०, जागेवर थांबलेला, आणि क्षयाचं भौतिकशास्त्र जोडायचं, सगळ्यात चांगलं ते.

मात्र हाच मल्टिपल व्हर्टेक्स कोणी आंब्याच्या रॅकला लावला तर वाट लागते. कारण त्यात प्रत्येक पेन्सिल प्रत्येक इव्हेंटला एकदाच सुटणार, ४-२-१ हे प्रमाण तुम्ही लिहिलंय तरी कोणी विचारत नाही. नवी आणि म्हातारी सारख्याच! असंच एक ‘फ्लॅट सॅम्पलिंग’ नावाचं बटण आहे, त्यात प्रत्येक सोर्समधून सारखे कण काढतात आणि खरं प्रमाण प्रत्येक कणाच्या वजनात ठेवतात. दुबळ्या सोर्सची आकडेवारी सुधारायला फार उपयोगी, पण डोस मोजताना ते वजन गुणायचं विसरलं की परत तेच, सगळ्या पेन्सिली एका ताकदीच्या.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, आणि यावर आमच्या डिपार्टमेंटमध्येच दोन तट आहेत, डोसच्या कामाला सगळे सोर्स एका फाईलमध्ये कोंबूच नयेत. एकेक पेन्सिल वेगळी चालवावी, तिच्या एका क्षयाला पेटीत कुठे किती डोस पडतो याचा तक्ता ठेवावा, आणि शेवटी आजच्या ताकदीने गुणून बेरीज करावी. डोस सरळ बेरजेचा असतो, एकीचा दुसरीवर परिणाम होत नाही, शेजारच्या नळीने अडवलेले किरण तेवढे भूमितीत असले पाहिजेत म्हणून एक चालवताना बाकीच्या नळ्या तिथे ठेवायच्या, फक्त त्यांच्यातून काही सोडायचं नाही. याचा फायदा असा की पुढच्या वर्षी ताकद १२ टक्क्यांनी उतरली, किंवा दोन पेन्सिलींच्या जागेची अदलाबदल केली, तर परत रात्रभर रन लावायला नको, एक्सेलमध्ये आकडे बदलले की झालं. शिवाय कुठल्या पेन्सिलीमुळे मधल्या फळाला किती मिळतं हे उघड दिसतं, एकत्र रनमध्ये ते पोटात जातं. दुसऱ्या तटाचं म्हणणं की एवढ्या पेन्सिलींचे एवढे रन कोण सांभाळणार. खरं आहे, पण फाईली सांभाळायला आपल्याला पगार मिळतो!

बरं, चित्राबरोबर चूक किती असू शकते याचा अंदाज दिला की लोक निश्चिंत होतात, ‘अधिक-उणे १ टक्का’ वगैरे. तो १ टक्का फक्त नशिबाचा असतो, म्हणजे कण कमी-जास्त पडण्याचा, तो दहा पटीने कमी करायला इव्हेंट शंभर पटीने वाढवावे लागतात. सोर्स चुकीच्या जागी असेल, ताकद जुन्या तारखेची असेल, तर ती चूक त्या १ टक्क्यात येत नाही, शंभर कोटी इव्हेंट करा नाहीतर हजार कोटी.

म्हणून तर कुठल्याही विकिरण केंद्रात शेवटचा शब्द कॉम्प्युटरचा नसतो. पेट्यांमध्ये ठिकठिकाणी डोसीमीटर ठेवून प्रत्यक्ष मोजतात, कमीत कमी कुठे, जास्तीत जास्त कुठे, आणि रॅकमध्ये पेन्सिली बदलल्या की परत मोजतात. सिम्युलेशनचा उपयोग आधी ठरवायला, नवी पेन्सिल कुठल्या खाचेत घालावी, डोसीमीटर कुठे ठेवावेत, पेटीचा आकार बदलला तर काय होईल. हे भरपूर मोलाचं काम आहे, मी त्यावरच वर्षानुवर्षं मुलांचे प्रोजेक्ट घेतोय, पण ‘सिद्ध केलं’ हा शब्द डोसीमीटरने मोजल्यावरच शोभतो. तुमच्या लेखात डोसीमीटरचा उल्लेख एकाही ओळीत नव्हता याचं म्हणूनच जास्त आश्चर्य वाटलं.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी असं चित्र छापताना खाली बारीक टाईपात चार गोष्टी टाका: सोर्स किती, त्यांच्या ताकदीचं प्रमाण आणि ते कुठल्या तारखेचं, सगळे एकत्र सोडले की एकेक, आणि मोजमापाशी ताडून पाहिलं का. मजकुराची जागा जाईल असं म्हणाल तर चित्र दोन इंच लहान करा. लेख लिहिणाऱ्याला हे माहीत नसलं तरी ज्यांचं चित्र आहे त्यांना माहीत असतंच, विचारलं की देतात, आणि देत नसतील तर ते चित्र छापायचं की नाही याचा विचार तुम्ही करायचा. हेच मी कॉलेजांनाही सांगीन, कारण आमच्याकडे जर्नलमध्ये रंगीत प्रिंट चिकटवली की दहापैकी आठ मार्क पडतात आणि सोर्सची फाईल कोणी उघडून बघत नाही. परीक्षकाने ती फाईल मागावी, आणि मुलाला म्हणावं की डोस राहू दे, आधी नुसते कण जिथून निघाले ते बिंदू काढून दाखव, कुठल्या पेन्सिलीतून किती निघाले ते मोजून दाखव. पाच मिनिटांत कळतं.

त्या लेखातल्या गटाकडून मूळ फाईल मिळाली तर कृपया मलाही पाठवा. आमच्या या वर्षीच्या बॅचला आंब्याची पेटीच प्रोजेक्टला दिली आहे, त्यांना दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघता येतील, आणि फरक आला तर तुम्हाला कळवायला सांगतो.

आपला,
एक वाचक, नाशिक